शाळेत हिशेबाचं काम करणाऱ्याचं आयुष्य कसं असतं? नोकरी सांभाळून समाजकार्य जमतं का?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, एका अनुदानित शाळेत लिपिकाची जागा मिळतेय, घरचे मात्र बँकेच्या परीक्षा द्या म्हणताहेत. गावासाठी काही करायची इच्छाही आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, आता मुख्य लिपिक आहे. शाळेतला जवळपास प्रत्येक रुपया माझ्या टेबलावरून जातो. माझं मत विचाराल तर जागा घ्या. आणि समाजकार्यासाठी वेगळं काही शिकायच्या फंदात पडू नका. गावात भाषण करणारे भरपूर असतात, पण जमाखर्च नीट लिहून चारचौघांत वाचून दाखवणारा माणूस शोधावा लागतो.

आधी नोकरीबद्दल. आमचा महिना पगारबिलाभोवती फिरतो. शालार्थ, म्हणजे शाळांच्या पगारबिलांची सरकारी ऑनलाइन प्रणाली. तिच्यात प्रत्येकाचं मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडं आणि सगळ्या कपाती तपासायच्या, मुख्याध्यापकांच्या लॉगिनवरून बिल पुढं पाठवायचं, मग पगारबिलं तपासून मंजूर करणाऱ्या जिल्ह्याच्या वेतन पथकाकडे पाठपुरावा करायचा. व्यवसाय कर एरवी 200 रुपये कापायचा, फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2500 भरतात. पतसंस्थेचे हप्ते वेगळे. बाहेरून बघणाऱ्याला हे कारकुनी काम वाटतं. पण पगार आठ दिवस लांबला की कुणाचा घराचा हप्ता थकतो आणि कुणाच्या मुलाची कॉलेजची फी अडते, ते मी रोज त्याच माणसांत बसून बघतो. त्यामुळे बिल वेळेत जाणं ही मला माझी जबाबदारी वाटते, मग त्यासाठी रात्री दहापर्यंत बसावं लागलं तरी बसतो. सर्व्हर रात्री बरा चालतो, हेही एक कारण आहे.

मार्च महिना मात्र घरच्यांनी सोडून द्यायचा. अनुदान येतं ते बहुधा वर्ष संपता संपता, आणि 31 मार्चच्या आत ते नियमानं खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्यात वेतनेतर अनुदानाचं (पगार सोडून बाकीच्या खर्चासाठी मिळणाऱ्या पैशाचं) मूल्यनिर्धारण, संस्थेचं ऑडिट, आयकराची विवरणपत्रं. एका शाळेत एकच लिपिक, असं चित्र बऱ्याच ठिकाणी आहे, कारण शिक्षकेतर भरती वर्षानुवर्षं रखडलीय. हा मला खरोखरचा अन्याय वाटतो. चार माणसांचं काम एकानं केलं की ते कुठंतरी उशिरा होणारच, आणि त्याचा फटका शिक्षकांना आणि मुलांना बसतो.

या नोकरीचा गाभा मला विचाराल तर तो सेवापुस्तकात आहे, म्हणजे कर्मचाऱ्याच्या सगळ्या नोकरीची नोंद असलेल्या वहीत. आमच्या शाळेतले शिपाईमामा निवृत्तीला आले तेव्हाची गोष्ट सांगतो. मी दोन वर्षं आधीच त्यांचं सेवापुस्तक काढून बसलो होतो. पहिल्या पानावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, उंची, ओळखीची खूण, बोटांचे ठसे. त्या पानाचं दर पाच वर्षांनी पुन्हा साक्षांकन व्हायला हवं, ते मधल्या काळात राहून गेलं होतं. पुढं एका वर्षाची वेतनवाढ लिहिलेली होती, पण खाली सहीच नव्हती. सही राहिलेले मुख्याध्यापक केव्हाच निवृत्त झालेले. मग जुनी पगारपत्रकं माळ्यावरून काढली, त्या महिन्याची पावती सापडली, तिच्या आधारे विद्यमान मुख्याध्यापकांनी नोंद प्रमाणित केली. वेतननिश्चितीची पडताळणी, रजेचा हिशेब, कुटुंबाचं नामनिर्देशन, ना-देय दाखला, असं एकेक पान पुरं करत प्रस्ताव शिक्षणाधिकारी कार्यालयातून पेन्शन मंजूर करणाऱ्या महालेखापालांकडे गेला. मामांना अक्षर फारसं येत नव्हतं. ते रोज दुपारी यायचे आणि म्हणायचे, “भाऊसाहेब, आज कुठवर आलं माझं पुस्तक?” मी त्यांना शेजारी बसवून पान दाखवायचो. पेन्शन वेळेत सुरू झाली. बँकेची कुठली बढती मला तेवढं समाधान देऊ शकली असती, असं वाटत नाही.

आमच्या स्टाफरूममध्ये 1 नोव्हेंबर 2005 ही तारीख कुणालाही विचारा. त्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन आणि भविष्य निर्वाह निधी, नंतरच्यांना आधी डीसीपीएस आणि पुढं एनपीएस, म्हणजे पगारातून दरमहा कपात होऊन साठणारी पेन्शन. नंतरच्यांच्या कपातीची प्रत्येक पावती मी जपून ठेवतो, कारण त्या माणसाचं म्हातारपण त्या कागदावर उभं आहे. तुम्ही रुजू झालात तर ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

आता मुलांकडे येऊ. आठवीत एनएमएमएसची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. त्यात निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी 12000 रुपये मिळतात. शेतमजुराच्या घरात ही रक्कम म्हणजे मुलगी बारावीपर्यंत शिकणार की नाही याचा निकाल. परीक्षा शिक्षक छान करून घेतात. पैसे अडतात ते नंतर, आणि अगदी साध्या कारणांनी. जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या मुख्य नोंदवहीत नाव एक, आधारवर दुसरं. खातं आईच्या नावावर, मुलीच्या नावावर नाहीच. खातं आहे पण आधारशी जोडलेलं नाही. नववीतून दहावीत गेल्यावर पोर्टलवर नूतनीकरण करायचं असतं हे घरी कुणाला माहीत नसतं. हे सगळं सोडवणारा माणूस शाळेत एकच असतो, आणि तो लिपिक. पाचवी ते सातवीतल्या मागासवर्गीय मुलींची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती अनेक वर्षं महिन्याला 60 रुपये होती, तीही वर्षात दहा महिने. रक्कम फारच तोकडी होती. तरी मी तिचेही प्रस्ताव तेवढ्याच काळजीनं भरतो, कारण तो त्या मुलीचा हक्क आहे.

समाजकार्याचं म्हणाल, तर मला ते 2019 च्या महापुरात खऱ्या अर्थानं समजलं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी. त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांपर्यंत चढलं. आमची शाळा उंचावर, म्हणून नदीकाठची कुटुंबं वर्गांत राहायला आली. पाणी ओसरायच्या आतच राज्यभरातून मदतीचे ट्रक यायला लागले. लोकांनी मनापासून दिलं, पण गोंधळ असा की एका गल्लीत बिस्किटांचे डोंगर आणि दुसरीकडे पिण्याच्या पाण्याची बाटली नाही. मी ऑफिसातली कोरी आवक-जावक नोंदवही घेतली आणि दारात टेबल टाकून बसलो. ट्रक कुठून आला, त्यात काय आणि किती आलं, हे डाव्या पानावर. उजव्या पानावर रेशनकार्डाचा नंबर, घरातली माणसं, काय दिलं, सही किंवा अंगठा. संध्याकाळी फळ्यावर शिल्लक लिहायची: तांदूळ इतका, ब्लँकेटं इतकी, सॅनिटरी पॅड इतके. दुसऱ्या दिवसापासून भांडणं थांबली. आणि फळा बघून मुंबई-पुण्याच्या गटांना फोनवर नेमकं सांगता येऊ लागलं, की कपडे आता नकोत, फिनेल आणि झाडू पाठवा, घरं धुवायची आहेत. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं, तेव्हा वही मागायला गावातली पोरंच माझ्याकडे आली.

पूर ओसरल्यावर दुसरी रांग लागली ती शाळेच्या दाखल्यांसाठी. लोकांचे कागद वाहून गेलेले. जनरल रजिस्टरवरून दुय्यम प्रती काढून देणं हे नोकरीचंच काम, पण त्या आठवड्यांत नोकरी कुठं संपते आणि सेवा कुठं सुरू होते हे मला वेगळं काढता आलं नसतं.

एरवी माझी बाहेरची कामं छोटी आहेत. गावच्या वाचनालयाचा खजिनदार आहे. रविवारी बचत गटांच्या महिलांसोबत बसतो. गटाची पंचसूत्री तुम्ही ऐकली असेल: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेब लेखन. पहिल्या चारांत आमच्या बायका कुणालाही शिकवतील अशा आहेत. अडतं ते पाचव्यापाशी, म्हणून वही दुसऱ्याच्या हातात जाते आणि तिच्यासोबत सत्ताही जाते. म्हणून मी वही लिहून देत नाही. शेजारी बसतो, त्या लिहितात. सुरुवातीला वेळ लागतो, त्याला इलाज नाही. आता एका गटातल्या ताई बँकेच्या साहेबांना व्याजाची चूक दाखवून आल्या, तेव्हा मी तिथं नव्हतोच, आणि मला त्याचाच जास्त आनंद झाला.

काही गोष्टी मात्र कटाक्षानं पाळा. कुठल्याही मंडळाची रोकड घरी ठेवू नका, अगदी एका रात्रीसाठीसुद्धा. खात्यावर दोन सह्या ठेवा. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करणारं मंडळ नोंदणीकृत नसेल, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची कलम 41 क खालची परवानगी घेतल्याशिवाय त्यांच्या पावतीपुस्तकाला हात लावू नका. कुणी वाईट वाटून घेईल, घेऊ द्या. आणि शाळेचं काम व गावचं काम यांची खाती, वह्या, वेळ, सगळं वेगळं असू द्या.

वेळ मिळतो का? शाळा सुटल्यावर आणि रविवारी मिळतो, मार्चमध्ये मिळत नाही. पैशाचं सांगायचं तर बँकेत कदाचित जास्त मिळतील, बदल्याही होतील. घरच्यांना हे स्पष्ट सांगा, मग निर्णय घ्या.

जागा घेतलीत तर पहिल्या आठवड्यात दोन कामं करा. सगळी सेवापुस्तकं कपाटातून काढून कुठल्या पानावर सही राहिलीय याची यादी करा. आणि आठवीच्या वर्गशिक्षकांना एनएमएमएसच्या फॉर्मची शेवटची तारीख विचारा. तो फॉर्म शाळेच्या लॉगिनवरूनच भरावा लागतो, पालकांना घरून भरता येत नाही.