सतराव्या शतकात युरोपात बुद्धिप्रामाण्यवाद फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने सुरू केला का? आणि धर्म बाजूला सारल्यामुळेच ते जमलं का?

दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘नाही’. १६३७ साली देकार्तचं पद्धतीवरचं पुस्तक आलं आणि युरोप विचार करायला लागला, हे परीक्षेच्या नोट्सपुरतं ठीक आहे. देकार्त थोर होताच. पण बुद्धिप्रामाण्य म्हणजे खोलीत बसून एका सूत्रातून अख्खं जग काढून दाखवणं, हा जो समज आपल्याकडे घट्ट बसलाय, त्याच्याशी माझं जुनं भांडण आहे. म्हणून देकार्त थोडा वेळ बाजूला ठेवतो आणि पाऱ्याच्या नळीबद्दल लिहितो.

शोषपंपाने पाणी १८ ब्राच्चिओच्या (सुमारे साडेदहा मीटर) वर चढत नाही, हे गॅलिलिओने १६३८च्या पुस्तकात नोंदवलं. कारण मात्र चुकीचं दिलं: टांगलेला दोर लांबी वाढली की स्वतःच्याच वजनाने तुटतो, तसा पाण्याचा स्तंभ तुटतो म्हणे. इटालियन शास्त्रज्ञ तोरिचेल्लीने प्रश्नच उलटा केला. पाणी वरून ओढलं जातच नसेल, बाहेरची हवा त्याला खालून रेटत असेल तर? तसं असेल तर पाण्याच्या साडेतेरा पट जड असलेला पारा तेवढ्याच पटीने कमी चढायला हवा, म्हणजे पाऊण मीटरच्या आसपास. तसाच चढतो, हे त्याने जून १६४४ मध्ये आपल्या मित्राला, रिच्चीला, पत्राने कळवलं.

एक टोक बंद असलेली मीटरभर लांब काचेची नळी पाऱ्याने काठोकाठ भरायची, तोंडावर बोट दाबायचं, उलटी करून पाऱ्याच्या वाटीत बुडवायची आणि बोट काढायचं. पारा उतरतो आणि सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबतो. घोळ होतो तो बुडबुड्यांमुळे. ते काचेला चिकटून राहतात, नळी उलटी केली की वर जाऊन बसतात आणि पाऱ्याला खाली दाबतात. काच आतून ओलसर असेल तर पाण्याची वाफही तेच करते. ओळखायची खूण अशी: नळी हळूहळू तिरकी करायची. पारा बंद टोकापर्यंत जाऊन टक्कन आपटला तर ठीक, बुडबुडा उरला तर पुन्हा भरा. उंची मोजायची ती वाटीतल्या पाऱ्याच्या पृष्ठभागापासून, वाटीच्या बुडापासून नाही. नळीतला पारा उतरला की वाटीतला चढतो.

त्याच पत्रात दोन नळ्या आहेत. एक साधी, दुसरीच्या वरच्या टोकाला काचेचाच मोठा फुगा. वरची पोकळी पाऱ्याला ओढून धरत असेल, तर मोठ्या पोकळीने जास्त ओढायला हवं. पारा दोन्हींत एकाच पातळीला थांबला. म्हणजे कारण आत नाही, बाहेर आहे. त्या शतकातली बुद्धी ही अशी काम करते: आधी ‘हे खरं असेल तर काय दिसलं पाहिजे’ ते ठरवायचं, मग बघायचं.

पुढची उडी फ्रेंच गणिती पास्कालची. हवाच रेटत असेल, तर डोंगरावर डोक्यावरची हवा कमी, म्हणून पाराही कमी चढला पाहिजे. नोव्हेंबर १६४७ मध्ये त्याने क्लेरमाँला राहणाऱ्या मेहुण्याला, फ्लोरँ पेरिएला, तसं पत्र लिहिलं. प्रयोग झाला १९ सप्टेंबर १६४८ रोजी, पुई द दोम या डोंगरावर. पेरिएचा अहवाल मला देकार्तच्या पानांपेक्षा जास्त आवडतो.

त्याने १६ पौंड पारा तीन दिवस शुद्ध केला. सारख्याच जाडीच्या, चार-चार फुटांच्या दोन नळ्या घेतल्या. गावातल्या सगळ्यात सखल जागी, मिनिम (एक कॅथलिक पंथ) संन्याशांच्या मठाच्या बागेत, दोन्ही शेजारी-शेजारी लावल्या. दोन्हींत पारा २६ इंच साडेतीन रेषांवर (१२ रेषांचा १ इंच, आणि तो फ्रेंच इंच, आपल्यापेक्षा जरासा मोठा). एक नळी तिथेच ठेवून फादर शास्तँ यांना दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि दुसरी वर नेली. माथ्यावर, पेरिएच्या अंदाजाने ५०० त्वाज म्हणजे हजारेक मीटर उंचीवर, पारा २३ इंच २ रेषा. फरक ३ इंच दीड रेषा, आजच्या मापात सुमारे ८५ मिलिमीटर. एवढ्यावर गडी थांबला नाही. तिथल्या छोट्या चॅपेलमध्ये, उघड्यावर, आडोशाला, वाऱ्यात, धुक्यात असं पाच वेळा मोजलं. उतरताना मधल्या एका टप्प्यावर २५ इंच. खाली बागेत पुन्हा २६ इंच साडेतीन रेषा.

आणि खालची नळी? दिवसभर हवामान बदलत होतं, पण तिच्यातला पारा हलला नाही, असं फादरनी सांगितलं. माझ्या मते अख्ख्या प्रयोगातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच आहे. ती नळी नसती तर ‘वर थंडी होती’, ‘हवा बिघडली होती’ अशी पळवाट उरली असती. थंडीने पारा आकसतो, पण १० अंशांना जेमतेम सव्वा मिलिमीटर.

आता देकार्तकडे येतो. विस्तार (जागा व्यापणं) म्हणजेच पदार्थ, तेव्हा रिकामी जागा असूच शकत नाही, असं त्याचं तत्त्व. नळीत वर सूक्ष्म पदार्थ भरलेला आहे, असं तो म्हणत राहिला. पास्कालच्या डोक्यातच पोकळी जरा जास्त आहे, असा टोमणाही त्याने एका पत्रात मारला. तर्क बिनचूक, पहिलंच गृहीतक गडबडलेलं. पहिल्या तत्त्वातून सगळं निघतं म्हणणाऱ्यांना मी नेहमी हेच उदाहरण देतो. अजून समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

धर्माचं म्हणाल तर खालच्या नळीवर नजर ठेवणारा संन्यासीच होता आणि डोंगर चढणाऱ्यांतही पाद्री होते. इटलीतल्या प्रयोगाची बातमी फ्रान्समध्ये पोचवणारा मेर्सेन मिनिमच, त्याची खोली म्हणजे युरोपभरच्या विद्वानांचं टपाल कार्यालय होतं. खुद्द पास्काल पुढे कट्टर श्रद्धाळू झाला. बुद्धीच्या उदयाची खरी कारणं शोधायची तर ही पत्रं, छपाई, खाणींतले पंप आणि काच फुंकणारे कारागीर यांच्याकडे बघा.

दोन गोष्टी राहिल्या. चर्चची भीती खोटी नव्हती: १६३३ मध्ये गॅलिलिओला शिक्षा झाल्यावर देकार्तने स्वतःचं तयार पुस्तक छापायचं थांबवलं. आणि देकार्तवर मी जरा अन्याय केलाय. हवेला वजन असतं हे त्याला मान्य होतं, डोंगराची कल्पना आपणच पास्कालला सुचवली असं तो म्हणायचा, आणि प्रयोगाने हवेचा दाब सिद्ध झाला तरी वरची जागा खरोखर रिकामी आहे हे काही सिद्ध झालं नाही.

घरी पाऱ्याच्या नादी लागू नका, त्याची वाफ विषारी असते. बऱ्याच फोनमध्ये दाब मोजणारा सेन्सर असतो, सिंहगड चढताना तो पुरतो: दर १०० मीटरला साधारण १०-११ हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) उतरतात. पण फोन दोन घ्या. पायथ्याला दोन्ही शेजारी ठेवून त्यांच्या आकड्यांतला फरक आधी लिहून ठेवा, कारण सेन्सर एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. मग एक तिथेच कुणाकडे तरी द्या आणि दर अर्ध्या तासाला आकडा टिपायला सांगा.