विचारा बिनधास्त : किल्ले किती नि मासे किती?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको चिपळूणचे. दिवाळी झाली की चार दिवस सुट्टी काढणार आहोत, गाडी आपलीच आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले किल्ले आले तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे की समुद्रातले सगळे एकदमच करून टाकायचे, अलिबागपासून मालवणपर्यंत. ह्यांचं म्हणणं, किल्ला बाराला संपला पाहिजे आणि साडेबाराला ताट समोर पाहिजे. जमेल का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : ताई, जमणार नाही, आणि जमवूही नका. त्या यादीत बारा किल्ले, त्यातले किनाऱ्यावरचे चार, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. नकाशावर एका रेषेत दिसतात पण मधे खाड्या आहेत, दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे अशा फेरीबोटी पकडत गेलात तर मजा येते खरी, पण अर्धी सुट्टी जेटीवर जाते. तुम्ही चिपळूणचे म्हणजे हर्णैचा सुवर्णदुर्ग तुम्हाला घरचाच, तो आणि खांदेरी एखाद्या शनिवार-रविवारसाठी ठेवा. यावेळी गाडी सरळ दक्षिणेला घ्या.

पहिल्या दिवशी रत्नागिरी. थिबा पॅलेस सोमवारी नको, म्युझियम बंद असतं. ब्रह्मदेशचा राजा थिबा, त्याला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून उतरवलं नि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं, हा वाडा झाला १९१० च्या सुमारास आणि १९१६ ला तो गेलाच, म्हणजे ज्याच्यासाठी बांधला त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. तिथून भाट्याची खाडी दिसते, ती जरा वेळ बघत बसा. टिळकांचं जन्मघर गावातच आहे.

दुसऱ्या दिवशी पावसवरून कशेळी. कनकादित्याचं देऊळ बघालच, पण कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, कातळात कोरलेला हत्ती आहे तो चुकवू नका. साधारण अठरा मीटर लांब आणि त्याच्या पोटात पुन्हा लहान लहान प्राणी, मासे! भर दुपारी गेलात तर नुसता काळा कातळ दिसेल आणि तळपाय भाजतील, सकाळी किंवा चारनंतर ऊन तिरपं झालं की रेघा उठून दिसतात. कोरलेल्या भागावर पाय देऊ नका, फोटोसाठी तर नाहीच.

संध्याकाळी विजयदुर्ग गाठून मुक्काम, किल्ला तिसऱ्या दिवशी सकाळी. इथे होडीची भानगड नाही, चालत आत जाता येतं. आंग्र्यांचं आरमार इथे होतं, १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्राकडून आले नि किल्ला पडला. मग देवगड, कुणकेश्वर, आचरा करत मालवण.

चौथ्या दिवशी सकाळची पहिली होडी धरा. सिंधुदुर्गचं काम २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर सुरू झालं. होडीतून बघत रहा, अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठाय तेच कळत नाही, तटाच्या वळणात लपवलाय. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव, चारी बाजूला खारं पाणी आणि या तीन विहिरींचं पाणी गोड. शिवराजेश्वराचं देऊळ राजाराम महाराजांनी बांधलेलं. होडीवाले सहसा तासाभरात परत बोलावतात आणि तेवढ्यात तट काही फिरून होत नाही, म्हणून चढतानाच त्यांना सांगा, दादा आम्ही पुढच्या होडीने येतो. बहुतेक ऐकतात. तरी बारापर्यंत तुम्ही जेटीवर, सुरमई नि तिसऱ्या (शिंपल्या) ह्यांच्या ताटात, सोलकढी दोघांना. तक्रारीला जागाच नाही!

प्रश्न : विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला असं गाईड सांगतात. मिसेस म्हणते थापा. खरं काय? (एक वाचक, देवगड)

उत्तर : अर्धं तुमचं, अर्धं वहिनींचं. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण आपल्या याच पट्ट्यातून पुढे जमखंडी, गुंटूरकडे गेलं. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात, साहेब लोकांनी दुर्बिणी तिथे लावल्या असं गावात सांगतात. पण ज्यांची नावं या शोधाशी जोडली जातात त्यातला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन त्या दिवशी गुंटूरला होता आणि इंग्रज लॉकियर तर इंग्लंडमध्येच, त्याने ग्रहण नसतानाच ऑक्टोबरमध्ये तिकडून सूर्याच्या कडेच्या प्रकाशाचे रंग वेगळे करून तपासले. त्यात एक पिवळी रेघ होती ती सोडियमच्या रेघांशी जुळेना, मग हे नवीनच मूलद्रव्य म्हणून हेलियम नाव दिलं. पृथ्वीवर ते हाताला लागलं १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅमसेला. म्हणून लॉकियर विजयदुर्गच्या ओट्यावर उभा होता असं कोणी म्हणालं तर वहिनींना पुढे करा. ओटे मात्र बघाच.

प्रश्न : अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचंय, ओहोटीची वेळ कशी काढायची? (एक वाचक, रेवदंडा)

उत्तर : रेवदंड्याचे असून आम्हाला विचारताय? तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, म्हणजे साधारण नऊला ओहोटी. कृष्णपक्षातही पुन्हा प्रतिपदेपासूनच मोजायचं. अष्टमीला ओहोटी बाराच्या सुमारास येते, वेळ सोयीची वाटते पण तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, पाणी पुरतं हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येला पाणी लांब जातं पण भल्या पहाटे नाहीतर पार संध्याकाळी. म्हणून तृतीया ते पंचमी बरी, सकाळी आठ ते दहाच्या मधे वाट मोकळी मिळते. दोघं जाणार असाल तर एकाने घड्याळाकडे लक्ष ठेवायचं, पाणी फिरलं की लगेच निघायचं, आणि निघण्याआधी किनाऱ्यावरच्या कोळ्यांना एकदा विचारून घ्यायचं.