चुकीच्या नंबरवर गेलेले पैसे: शाखेत परत जा, पण लेखी अर्ज घेऊन

तुमच्या आईने भाचीच्या फीचे १२,००० रुपये यूपीआयने पाठवले, मोबाइल नंबरातला एक आकडा चुकला, पैसे अनोळखी माणसाकडे गेले आणि शाखेत "आता काही होणार नाही" असं सांगून आईला परत पाठवलं. हे उत्तर अर्धवट आहे. बँकेच्या शाखेत बरीच वर्षं मी असे अर्ज हाताळलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ॲपच्या हिस्ट्रीत व्यवहार 'यशस्वी' दिसतोय ना, ते बघा. खात्यातून वजा झाले पण समोर जमाच झाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तुमच्या आईचे पैसे मात्र जमा झालेत.

अशा वेळी समोरच्याची संमती असल्याशिवाय त्याची बँक त्याच्या खात्यातून परस्पर पैसे काढून देत नाही. त्याचं नाव-पत्ताही तुम्हाला कुणी देणार नाही. पण त्याची बँक त्याला फोन करू शकते, आणि तो फोन लवकरात लवकर जावा यासाठीच सगळी धडपड करायची. बँकेतून फोन आला की बरेच लोक पैसे परत करतात, हे मी पाहिलंय.

त्यासाठी आईच्या शाखेत लेखी अर्ज द्या, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्याच. अर्जात तारीख, वेळ, रक्कम आणि १२ आकडी यूटीआर नंबर (ॲपच्या हिस्ट्रीत दिसणारा व्यवहाराचा क्रमांक) लिहा. त्याखाली दोन ओळी: ज्याला पाठवायचे होते तो मोबाइल नंबर, आणि लगेच खाली जिथे गेले तो. चुकलेल्या आकड्याभोवती गोल करा. दोन्ही नंबर एकाखाली एक दिसले की चूक प्रामाणिक आहे हे अर्ज वाचणाऱ्याला वेगळं पटवून द्यावं लागत नाही. सोबत स्क्रीनशॉट आणि पासबुकातल्या नोंदीची झेरॉक्स जोडा.

ॲपच्या मदत विभागातही त्याच व्यवहारावर तक्रार टाका आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. वॉलेटमधून वॉलेटमध्ये पैसे गेले असते तर सुरुवात वॉलेट कंपनीकडूनच करावी लागली असती. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या वेबसाइटवर चुकीच्या खात्यात गेलेल्या पैशांसाठी तक्रारीचा वेगळा पर्याय आहे. टोल फ्री नंबर १८००-१२०-१७४०. कस्टमर केअरचा नंबर मात्र गुगलवर शोधू नका, तिथे भामट्यांचे नंबर पेरलेले असतात. पैसे परत घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, हे आईला आजच सांगा.

आणखी एक करून बघा. त्याच नंबरवर १ रुपया पाठवा आणि संदेशाच्या जागी लिहा: "नमस्कार, १२,००० चुकून आले आहेत, फीचे आहेत, कृपया परत करा." फोन केलात तरी सूर विनंतीचाच ठेवा. आजकाल "चुकून पैसे आले" म्हणून फसवणारे इतके झालेत की समोरचा माणूस आधी घाबरतो. त्याला सरळ सांगा, "माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुमच्या बँकेत विचारून खात्री करा."

पोलिसांत तक्रार करावी का, असं विचारलंत. १९३० ही हेल्पलाइन सायबर फसवणुकीसाठी आहे. इथे कुणी फसवलेलं नाही, तेव्हा खोटी तक्रार अजिबात करू नका. सगळं कळूनही तो पैसे दाबून बसला तर कायदा तुमच्या बाजूने आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ प्रमाणे चुकून मिळालेले पैसे परत करावेच लागतात, आणि बेइमानीने ठेवून घेतले तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागू शकतं. तेव्हा वकिलाचा सल्ला घ्या.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, माहितीसाठी १४४४८. मात्र लोकपाल त्या माणसाकडून वसुली करून देत नाही. बँक अर्जावर बसून राहिली असेल तर तिला हलवण्यासाठी या तक्रारीचा उपयोग होतो.

उद्या शाखा उघडताच आईसोबत तुम्ही स्वतः जा. अर्ज घ्यायला कुणी नाही म्हटलं तर थेट शाखाधिकाऱ्यांना भेटा, आणि काय झालं ते इथे कळवा. यूटीआर किंवा कुणाचाही नंबर मात्र इथे टाकू नका.