संगणकावर अँड्रॉइड : एम्युलेटर कुठे अडखळतो?

अँड्रॉइडची ॲप डेस्कटॉपवर चालवण्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. एम्युलेटर म्हणजे संगणकात आभासी अँड्रॉइड फोन चालवणारे सॉफ्टवेअर. बहुतेक तक्रारींचे मूळ त्याच्या खिडकीत नसून तिच्या खाली, प्रोसेसर आणि विंडोजच्या पातळीवर असते. म्हणून पहिले उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे.

प्रश्न : चार कोअरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एसएसडी आणि विंडोज ११ आहे. तरी एम्युलेटर उघडायला कित्येक मिनिटे लागतात, आणि उघडल्यावर क्लिकचा परिणाम दिसायलाही दोन-तीन सेकंद जातात. रॅम वाढवावी का?

इतक्यात नको. आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’वर क्लिक करा आणि आलेखाखालच्या मजकुरात ‘व्हर्च्युअलायझेशन’ शोधा. त्यापुढे ‘डिसेबल्ड’ लिहिलेले असेल तर दुखणे सापडले. ही सोय चालू असली की आतल्या अँड्रॉइडच्या सूचना प्रोसेसर थेट पार पाडतो. बंद असली की त्या सूचना सॉफ्टवेअरला वाचून, बदलून मग चालवाव्या लागतात. अशा वेळी १६ जीबी रॅम बसवली तरी काही फरक पडत नाही.

ही सोय बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये (फर्मवेअरमध्ये), चालू करायची असते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी असे जाऊन ‘ॲडव्हान्स्ड स्टार्टअप’समोरचे ‘रीस्टार्ट नाऊ’ दाबा. मग येणाऱ्या निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ निवडा. या वाटेने गेलात की संगणक सुरू होताना एफ२ दाबायची की डिलीट, आणि नेमकी कधी, हा प्रश्नच उरत नाही. इंटेलच्या संगणकात ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ किंवा ‘व्हीटी-एक्स’ असा पर्याय असतो. एएमडीमध्ये त्याचे नाव ‘एसव्हीएम मोड’ असते, आणि त्या नावात व्हर्च्युअलायझेशन हा शब्दच नसल्यामुळे तो नजरेतून सुटतो. शेजारी ‘व्हीटी-डी’ दिसले तर त्याला हात लावू नका, एम्युलेटरला त्याची गरज नसते. बदल करून बाहेर पडताना ‘सेव्ह’ करायला विसरू नका. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) चालू असेल तर बायोसमध्ये शिरण्याआधीच त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा, कारण फर्मवेअरमध्ये बदल झाला की विंडोज ती मागू शकते. आणि पुढे कधी बायोस अपडेट केल्यावर एम्युलेटर अचानक मंदावला, तर हीच जागा पुन्हा पाहा. अपडेटमध्ये सेटिंग मूळ स्थितीला जाऊ शकते.

आता ‘एनेबल्ड’ असूनही मंद असेल तर? मग प्रोसेसरची ही सोय आधीच दुसऱ्या कोणाच्या ताब्यात आहे का ते बघा. स्टार्ट मेन्यूतून ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा. सारांशाच्या अगदी तळाशी हायपरव्हायझर (आभासी संगणक चालवणारा थर) आढळल्याचे वाक्य असेल, तर विंडोजने स्वतःचा हायपरव्हायझर सुरू केलेला आहे. हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म, विंडोज सँडबॉक्स किंवा ‘कोअर आयसोलेशन’मधली मेमरी इंटिग्रिटी, यांपैकी काहीही चालू असले की असे होते. अशा वेळी एम्युलेटरला विंडोजमार्फतच काम करावे लागते, आणि ज्याला ते जमत नाही तो रखडतो किंवा उघडतच नाही.

यातून बाहेर पडायचे दोन मार्ग आहेत. तुमचा एम्युलेटर हायपर-व्हीसोबत चालणारा असेल तर ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये ‘विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म’समोर खूण करून संगणक पुन्हा सुरू करा. दुसरा मार्ग म्हणजे वरचे सगळे घटक बंद करणे. पण मग लिनक्ससाठीची डब्ल्यूएसएल २ बंद पडते, तिच्यावर चालणारे डॉकर बंद पडते, आणि मेमरी इंटिग्रिटी गेली की घातक ड्रायव्हरपासून मिळणारे संरक्षणही जाते. आमचे मत स्पष्ट आहे. पहिला मार्ग शक्य असेल तर तोच घ्या. एखाद्या खेळासाठी मेमरी इंटिग्रिटी बंद करणे हा महागातला सौदा आहे.

हे सगळे ठीक असेल तरच रॅमकडे वळा. ८ जीबीच्या संगणकात एम्युलेटरला ३ ते ४ जीबी आणि दोन कोअर द्या. जास्त दिले तर वेग वाढण्याऐवजी घटतो, कारण विंडोजलाच रॅम अपुरी पडते आणि ती डिस्कवर लिहा-पुसायला लागते. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्समध्ये एम्युलेटर जोडून त्याला ‘हाय परफॉर्मन्स’ द्या.

प्रश्न : ॲप बनवायला शिकतो आहे. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये आभासी फोन तयार करताना सिस्टिम इमेजची लांबलचक यादी येते. त्यातली कोणती घ्यायची? आणि माझ्या संगणकावर चालणारा सर्व्हर त्या फोनमधून ‘लोकलहोस्ट’ लिहून सापडत का नाही?

इमेज म्हणजे आभासी फोनमध्ये घालायची तयार अँड्रॉइड सिस्टिम. ती निवडताना तीन गोष्टी पाहायच्या. पहिली प्रोसेसरची जात : इंटेल किंवा एएमडी असेल तर एक्स८६_६४, ॲपलच्या एम मालिकेतली चिप असेल तर आर्म६४. इथे चूक झाली तर इमेज सुरूच होणार नाही किंवा रांगत चालेल.

दुसरी गोष्ट गूगलचा वाटा. ‘गूगल प्ले’ लिहिलेल्या इमेजमध्ये प्ले स्टोअर असते, पण ती दुकानातल्या फोनसारखी कुलूपबंद असते, तिच्यावर रूट, म्हणजे सिस्टिमवरचा पूर्ण ताबा, मिळत नाही. ‘गूगल एपीआयज’ असलेल्या इमेजमध्ये प्ले सर्व्हिसेस असतात, स्टोअर नसते, आणि एडीबीतून (संगणकावरून फोनला आज्ञा देण्याच्या साधनातून) रूट मिळते. ॲपचा डेटाबेस उघडून बघायचा असेल, सिस्टिमच्या फायली चाळायच्या असतील, तर शिकणाऱ्याने हीच घ्यावी. पैसे भरण्याची सोय किंवा स्टोअरशी जोडलेले काही तपासायचे असेल तेव्हा पहिली.

तिसरी गोष्ट एपीआय पातळी : ३४ म्हणजे अँड्रॉइड १४, ३५ म्हणजे अँड्रॉइड १५. एक आभासी फोन तुमच्या ॲपच्या किमान पातळीचा आणि एक नव्या पातळीचा, असे दोन पुरतात.

लोकलहोस्टचे कारण साधे आहे. आभासी फोनमध्ये ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो फोन स्वतः, तुमचा संगणक नव्हे. संगणकासाठी अँड्रॉइड स्टुडिओच्या एम्युलेटरने १०.०.२.२ हा पत्ता राखून ठेवला आहे. सर्व्हर ८०८० पोर्टवर असेल तर ॲपमध्ये हा पत्ता आणि पुढे तोच पोर्ट लिहा. एवढे करूनही जोडणी नाकारली गेली, तर पत्ता एचटीटीपीने सुरू होतो का ते पाहा. एपीआय २८ किंवा त्यापुढच्या पातळीला लक्ष्य करणाऱ्या ॲपला साधी एचटीटीपी जोडणी मुळातच बंद असते. चाचणीपुरती ती मॅनिफेस्टमध्ये किंवा नेटवर्क सिक्युरिटीच्या फायलीत उघडावी लागते, आणि ॲप प्रसिद्ध करण्याआधी आठवणीने पुन्हा बंद करायची.

जाता जाता : जुन्या मार्गदर्शिकांमध्ये ‘आधी इंटेलचे एचएएक्सएम बसवा’ असे असते. एम्युलेटरला वेग देणाऱ्या या सॉफ्टवेअरचे काम इंटेलने जानेवारी २०२३ मध्येच थांबवले आहे. ते शोधत बसू नका, विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म चालू करा.

प्रश्न : एपीके फाइल एम्युलेटरच्या खिडकीत ओढून टाकली तर ‘नो मॅचिंग एबीआयज’ अशी चूक येते. दुसरे एक ॲप बसले, पण उघडताक्षणी बंद पडते.

पहिल्या चुकीचा अर्थ असा की त्या ॲपमधला मशीनच्या भाषेतला भाग तुमच्या आभासी फोनसाठी तयार केलेला नाही. हे स्वतः बघता येते. एपीके, म्हणजे ॲप बसवण्याची फाइल, ही खरे तर झिप फाइल असते. तिची एक प्रत करा, शेपटीचे नाव झिप करा, उघडा आणि ‘लिब’ नावाचा फोल्डर पाहा. आत फक्त ‘आर्म६४-व्ही८ए’ किंवा ‘आर्मईएबीआय-व्ही७ए’ असेल आणि ‘एक्स८६_६४’ नसेल, तर हे ॲप फोनच्या आर्म प्रोसेसरसाठीच आहे. ‘लिब’ फोल्डरच नसेल तर ॲप कुठल्याही प्रोसेसरवर बसते, आणि मग चूक दुसरीकडे शोधावी. अँड्रॉइड ११ पासूनच्या गूगलच्या एक्स८६ इमेजमध्ये आर्मच्या सूचनांचा अनुवाद करण्याची सोय आली आहे, त्यामुळे जुनी इमेज बदलून अशी नवी घेतली की बरीच ॲप बसतात. अनुवादात वेग मात्र थोडा जातो.

दुसऱ्या ॲपची गोष्ट वेगळी दिसते. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर नवे ॲप द्यायचे तर ते ‘ॲप बंडल’ स्वरूपात द्यावे लागते. स्टोअर त्यातून प्रत्येक फोनला लागतील तेवढेच तुकडे पाठवते : एक मूळ एपीके, एक प्रोसेसरपुरती, एक पडद्याच्या घनतेपुरती, एक भाषेपुरती. कुठून तरी मिळालेली एकटी मूळ एपीके बसते, पण उरलेले तुकडे नसल्यामुळे उघडताच कोसळते. सगळे तुकडे हाती असतील तर एडीबीच्या ‘इन्स्टॉल-मल्टिपल’ने एकाच वेळी बसवा. नसतील तर प्ले स्टोअर असलेली इमेज घेऊन ॲप तिथूनच उतरवा. अनोळखी ठिकाणच्या एपीकेपेक्षा ते केव्हाही बरे.

प्रश्न : बँकेचे ॲप एम्युलेटरमध्ये ‘हे उपकरण सुरक्षित नाही’ म्हणते. काही उपाय?

एम्युलेटरमध्ये नाही, आणि शोधूही नये. अशी ॲप गूगलच्या ‘प्ले इंटिग्रिटी’कडून उपकरण अस्सल आहे का ते विचारून घेतात, आणि साधा एम्युलेटर त्या परीक्षेत उतरत नाही. ती चुकवून देणारे ‘सुधारित’ एम्युलेटर मिळतात, पण ज्याची आतली सिस्टिम कोणीतरी बदलली आहे, त्यात खात्याचा पिन टाकणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे.

मोठ्या पडद्यावर काम करायचे एवढाच हेतू असेल तर खरा फोन संगणकावर दाखवा. ‘एससीआरसीपीवाय’ हे मुक्त आणि मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी उत्तम आहे. फोनच्या ‘अबाउट फोन’मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, उघडलेल्या ‘डेव्हलपर ऑप्शन्स’मध्ये यूएसबी डीबगिंग चालू करा, केबल जोडा, फोनवर येणारी परवानगी द्या आणि सॉफ्टवेअर सुरू करा. माउस आणि कीबोर्ड दोन्ही चालतात. बँकेच्या ॲपचा पडदा काळा दिसेल, कारण अनेक बँका पडद्याचे चित्र घेणे मुद्दाम रोखतात. काही ॲप यूएसबी डीबगिंग चालू दिसले तरी अडतात, मग तेवढे काम फोनवरच उरकावे. काम झाले की यूएसबी डीबगिंग बंद करा.

प्रश्न : विंडोजमध्येच अँड्रॉइडची सोय आहे असे वाचले होते. ती सापडत नाही. लिनक्सवर काय?

‘विंडोज सबसिस्टिम फॉर अँड्रॉइड’ची साथ मायक्रोसॉफ्टने ५ मार्च २०२५ पासून थांबवली, म्हणून ती सापडत नाही. खेळच खेळायचे असतील तर ‘गूगल प्ले गेम्स ऑन पीसी’ बघा. त्यावर सगळे खेळ नसतात, आणि प्रत्येक खेळ संगणकासाठी तपासलेला असेलच असे नाही.

लिनक्सवर वेड्रॉइड वापरा. ते दुसरा आभासी संगणक उभा न करता लिनक्सच्याच कर्नलवर (सिस्टिमच्या गाभ्यावर), कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या राखलेल्या कप्प्यात, अँड्रॉइड चालवते, म्हणून हलके वाटते. दोन अटी आहेत : डेस्कटॉप वेलँडवर (खिडक्या पडद्यावर दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर, जुनी ती एक्स११) असावा आणि कर्नलमध्ये बाइंडर (अँड्रॉइडच्या भागांना एकमेकांशी बोलू देणारा घटक) असावे. लॉगिनच्या पडद्यावर एक्स११ निवडलेले असेल तर वेड्रॉइडची खिडकी उघडणार नाही, आधी तिथे वेलँड निवडा.

प्रश्न : दोन आभासी फोन बनवले आणि सी ड्राइव्ह भरला. आतली ॲप काढून टाकली तरी जागा मोकळी होत नाही.

आभासी फोनची डिस्क ही तुमच्या ड्राइव्हवरची एक फाइल असते. ती भरताना फुगते, पण आतून काही पुसले म्हणून आपोआप आकसत नाही. त्यात चटकन सुरू होण्यासाठी जपलेल्या स्नॅपशॉटमध्ये त्या क्षणाची अख्खी रॅम साठवलेली असते, म्हणजे २ जीबी रॅमचा फोन असेल तर त्याच प्रमाणातली मोठी फाइल.

अँड्रॉइड स्टुडिओमध्ये आधी ‘एक्स्टेंडेड कंट्रोल्स’मधले जुने स्नॅपशॉट काढा. तेवढ्याने भागले नाही तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मधून ‘वाइप डेटा’ करा. त्यात आतले सगळे जाईल, म्हणून हव्या त्या फायली आधी बाहेर घ्या. न लागणाऱ्या सिस्टिम इमेज ‘एसडीके मॅनेजर’मधून वेगळ्या काढाव्या लागतात, फोन पुसला म्हणून त्या जात नाहीत. आणि फोन कायमचे दुसऱ्या ड्राइव्हवर हवे असतील तर विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये ‘अँड्रॉइड_एव्हीडी_होम’ला नव्या फोल्डरचा पत्ता द्या आणि स्टुडिओ बंद करून पुन्हा उघडा. जुने फोन यादीतून गायब दिसतील, ते त्या फोल्डरात नव्याने बनवणे हे जुन्या फायली हलवत बसण्यापेक्षा सोपे. नवा ड्राइव्ह एसएसडीच असू द्या. फिरत्या हार्ड डिस्कवर नेलात तर जागा मिळेल, पण पहिल्या प्रश्नातल्यासारखी रखडपट्टी नव्याने सुरू होईल.