पॉपिन्स ब्लॅकमध्ये दुकानाची पाटी: मराठी नावही तेवढंच जाड ठेवावं का?

तुमचा प्रश्न असा, की नागपूरच्या बर्डीत कपड्यांच्या दुकानाला अ‍ॅक्रिलिकची उठावाची अक्षरं लावायची आहेत, इंग्रजी नाव पॉपिन्स या फॉन्टच्या ब्लॅकमध्ये, म्हणजे सगळ्यात जाड प्रकारात ठरलंय, मग मराठीही ब्लॅकमध्येच करावं का?

नका करू. फॉन्ट तोच ठेवा, मराठी ब्लॅकहून बारीक अशा बोल्डमध्ये घ्या. नावात जोडाक्षरं असतील तर त्याहूनही बारीक सेमीबोल्डच.

पॉपिन्स भूमितीच्या घराण्यातला, म्हणजे 1927च्या फ्युचुरा या फॉन्टच्या गोतावळ्यातला: गोलाई वर्तुळाजवळची, रेघ सगळीकडे जवळपास सारखी. इंग्रजी ‘ओ’च्या पोटात जागा मुबलक, त्यामुळे जाडी खपते. मराठीत तेवढ्याच उंचीत शिरोरेषेचा पट्टा बसतो आणि त्याखाली बाकीचं अक्षर. ‘श्रद्धा’ लिहून बघा. ब्लॅकमध्ये ‘द्ध’चं पोट बुजतं आणि लांबून नुसता ठिपका दिसतो. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांत तर फरकच डोक्यावरच्या फटीचा. ती मिटली की नाव बदललं! रात्री आतून दिवे लावणार असाल तर उजेड पसरून अक्षर आणखी फुगतं, तेव्हा अजून एक पायरी खाली या.

उंचीचं गणित या फॉन्टमध्ये सोपं आहे. देवनागरी अक्षराची उंची इंग्रजी स्मॉल ‘बी’, ‘डी’च्या उभ्या दांड्याएवढी ठेवली आहे आणि कॅपिटल त्याहून बुटकी आहेत. म्हणून पॉइंट साइज एकच ठेवला तरी मराठी लहान पडत नाही. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या 2022च्या दुरुस्तीनंतर पाटीवरचं मराठी इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही, तेव्हा डिझायनरला इंग्रजी ताणून मोठं करू देऊ नका.

खरा घोळ कटिंगला होतो. फॉन्टमधली अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर थोडी चढलेली असतात. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह (मजकुराचा नुसता आकार) करून वेल्ड केलं नाही, म्हणजे ते आकार एकमेकांत जोडले नाहीत, तर मशीन प्रत्येक सांध्यावर काप घेतं. वेल्डनंतर शब्द बहुतेक एक तुकडा होतो, पण अनुस्वार सुटा राहतो. त्याची जागा दाखवणारा कागदी साचा फिटिंगवाल्याला द्याच, नाहीतर टिंब भलतीकडे चिकटतं. अक्षरांतली जागा वाढवायला सांगू नका, शिरोरेषा तुटते. आणि मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून द्या. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर पॉपिन्समध्ये नेला की अगम्य चिन्हं उमटतात.

आकाराचा ढोबळ हिशोब 10 फुटांना 1 इंच. रस्त्यापलीकडून, 60 फुटांवरून वाचायचं असेल तर शिरोरेषेपासून खाली 6 इंच आणि वेलांटी-उकारांसाठी वर-खाली मोकळी जागा धरून पाटी किमान 12 इंच उंच.

ऑर्डर देण्याआधी नाव कागदावर 1 इंच उंचीत छापा, भिंतीला लावा आणि 10 फुटांवरून बघा. 60 फुटांवरून 6 इंची अक्षर जेवढं दिसेल, तेवढंच ते तिथे दिसतं. शेजारी बोल्ड आणि सेमीबोल्डही छापा, आणि वाचायला अशा माणसाला उभं करा ज्याला दुकानाचं नाव ठाऊक नाही.