बारसं अडलं होतं ते नावावरून नाहीच

"मॅडम, बाळाचं नाव ठेवायचा हक्क नक्की कोणाचा? आईबाबांचा की घरातल्या मोठ्यांचा?" हा प्रश्न मला समुपदेशनाच्या कामात वर्षातून दहाबारा वेळा तरी येतो, आणि खरं सांगायचं तर त्यातले बहुतेक वाद आठवड्याभरात मिटतात. पत्रिकेतलं एक, हाक मारायला एक असं काहीतरी होतं आणि लोक पेढे घेऊन येतात. पण जे वाद मिटतच नाहीत, महिनोन्महिने चालतात, त्यांच्याबद्दल लिहायचं होतं. त्यासाठी माझ्याकडची एक केस सांगते. नावं बदललीत, गाव बदललंय, दोनतीन घरांतल्या गोष्टी एकत्र केल्यात. नावांवरच लिहितेय आणि सगळ्यांची नावं खोटी, चालायचंच.

प्रसाद आणि मृणाल. तो गोव्यातल्या फोंड्याजवळचा, ती सावंतवाडीची. मुलगी दहा महिन्यांची, सगळे तिला "बाय" म्हणत होते कारण बारसंच झालेलं नव्हतं. जन्माची नोंद एकवीस दिवसांत झालेली, पण नावाचा रकाना कोरा. मृणालला टेन्शन त्या रकान्याचं, कारण वर्षाच्या आत नाव दिलं तर फी न भरता चढतं, त्यानंतर लेट फी भरून. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही, पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येतं हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, पण ती म्हणाली मॅडम मला पंधरा वर्षं "बाय" म्हणायचं नाहीये.

वाद वरवर अगदी साधा. सासूबाईंना, मी त्यांना मावशी म्हणते, नाव हवं होतं देवकी. त्यांच्या सासूचं नाव. त्या मूळ माशेलच्या, आणि माशेलला देवकीकृष्णाचं देऊळ आहे, मूर्तीत देवकीने बाळकृष्णाला कडेवर घेतलंय, अशी देवळं देशात फार नाहीत. मृणालचं म्हणणं नाव चांगलंय पण जुनं आहे, वर्गात मुलं हसतील. तिच्या फोनमध्ये एकशेचाळीस नावांची लिस्ट होती, अर्धी मला उच्चारताही येईनात. आणि प्रसाद गप्प. नुसता गप्प.

इथे मी चुकले. मला वाटलं हे नेहमीचंच, सासू-सून आणि मध्ये सापडलेला नवरा. मी माझा नेहमीचा प्रयोग केला, तिघांना वेगवेगळ्या कागदावर पाच पाच नावं लिहायला सांगितली, जुळणारं एखादं सापडतंच. मृणालने पाच लिहिली. प्रसादने कागद कोरा दिला. मावशींनी पाचही ओळींवर देवकी लिहिलं, पाच वेळा, पाचव्याला तर पेन इतकं दाबलेलं की कागदाच्या मागे उठलं होतं. मी तेव्हा हसून सोडून दिलं, हट्टी बाई म्हणून. दोन सेशन्स असे वाया घालवले.

तिसऱ्या वेळी प्रसाद एकटाच आला. तासभर ऑफिस, गाडीचा हप्ता, बायची झोप, सगळं बोलला आणि निघताना दाराशी चपला घालता घालता विचारलं, "मॅडम, बारशाला कानात नाव सांगायला आत्याच लागते का?"

मी म्हटलं, बस परत.

तर प्रसादला एक भावंड आहे. कागदावर धाकटा भाऊ होता, आता बहीण आहे. पर्वरीला राहते, ग्राफिक्सची कामं करते. चार वर्षांपूर्वी घरी सांगितलं, त्यानंतर घर सोडलं, म्हणजे कोणी हाकललं नाही, पण थांब असंही कोणी म्हटलं नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याखाली कलेक्टरकडून सर्टिफिकेट घेतलं, मग आधार, मग बँक, एकेका खिडकीवर उभं राहून नाव बदलून घेतलं. आणि नवीन नाव काय घेतलं तर देवकी. कारण तिला सांभाळलं त्या आजीनेच, आई तेव्हा नोकरीला जायची, शाळेतून आल्यावर पेज आजीच वाढायची.

मग मला तो पाच वेळा लिहिलेला कागद समजला. मावशींना नातीला सासूचं नाव द्यायचं होतं हे खरंच, पण नातीला दिलं की ते नाव "त्याच्याकडून" परत येणार होतं. त्यांनी हे असं मनात मांडलं असेल असं मी म्हणत नाही, माणूस इतकं ठरवून काही करत नाही. पण प्रसादला ते कळत होतं, म्हणून तो गप्प होता, आणि मृणालला वाटत होतं नवरा आईच्या बाजूने आहे.

पुढच्या वेळी मावशी एकट्या आल्या, मीच बोलावलं. त्यांचा पहिला प्रश्न, हा आजार आहे का, औषध आहे का. मी सरळ सांगितलं की नाही, जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या नव्या यादीत हे मानसिक आजारांतून काढलंय, ती यादी २०२२ पासून लागू आहे, आणि आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या एप्रिलमध्येच म्हटलंय की आपण कोण हे माणसाने स्वतः सांगायचं. त्यांनी ऐकून घेतलं. यादी आणि कोर्ट यांचा त्यांच्यावर काडीचा परिणाम झाला नाही, होणारही नव्हता. त्या फक्त म्हणाल्या, "नाव असं कोण बदलतं?"

आता ही बाई फोंडा तालुक्यातली, मंगेशी तिथून हाकेच्या अंतरावर. मला म्हणावंसं वाटलं की अहो मंगेशीचे म्हणून मंगेशकर हे आडनावच मास्टर दीनानाथांनी घेतलेलं, आणि लताबाईंचं पाळण्यातलं नाव हेमा. आपल्या जुन्या पोर्तुगीज कागदांत बघा, कामतांचे कामोतीम झालेत, प्रभूंचे पोरोब. ज्या समाजाला लोक वाट्टेल त्या शब्दांनी हिणवायचे त्यांनी ते शब्द टाकून स्वतःला गोमंतक मराठा समाज म्हणवून घेतलं, त्याला शंभर वर्षं होत आली. गोव्यात नाव बदलणं नवीन कधी होतं? पण हे सगळं मी गिळलं, कारण समोर बसलेल्या आईला इतिहास शिकवला की ती वही मिटून घरी जाते, हे मी आधी दोनदा करून बघितलंय.

मी विचारलं, "मावशी, तुमचं माहेरचं नाव काय?"

"कुसुम." मग जरा थांबून, "लग्नात बदललं. शुभांगी केलं."

"कसं केलं?"

मग त्यांनी सांगितलं. ताटात तांदूळ पसरलेले, नवऱ्याने अंगठीने त्यात नाव लिहिलं. त्यांना बसल्या जागेवरून ते उलटं दिसत होतं. शु वाचला, पुढचं वाचेपर्यंत भटजींनी ताट उचललं. म्हणजे स्वतःचं नवं नाव त्यांनी पूर्ण वाचलंच नाही, मागून कोणीतरी बाई म्हणाली शुभांगी हां, छान आहे, तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव शुभांगी म्हणायला लागलं, एकाचंही चुकलं नाही. "सवय व्हायला किती दिवस लागले?" म्हटलं. "लोकांना? काय नाय. म्हाका वर्स लागलें."

आणि कुसुम अजून कोण म्हणतं? भाऊ म्हणायचा. तो गेला.

त्यावर मी काही बोलले नाही. बोलले असते तर बिघडलं असतं. चहा मागवला.

चहा पिताना त्यांनीच विषय काढला, की फोनवर बोलताना पंचाईत होते. रे म्हणवत नाही, गो म्हणवत नाही. जुनं नाव घेतलं की तिकडून फोन बंद, नवं नाव तर सासूचं, सासूला नावाने हाक कशी मारायची? (हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. सून कधी सासूचं नाव तोंडाने घेते का!) "हांवें कितें म्हणपाचें?" असं म्हणून त्या पहिल्यांदा रडल्या.

ह्या घरात पेपर मराठी, आरत्या मराठी, जत्रेतलं नाटक मराठी, पण मावशींच्या रागात आणि मायेत कोकणी येते, आमच्याकडे बऱ्याच घरांत असंच आहे. तर मी विचारलं, मग प्रसादकडे चौकशी करताना काय म्हणता? त्या म्हणाल्या, "तें जेवलें काय विचारतां." तो नाही, ती नाही, तें. त्यांच्या मते त्यांनी मधला रस्ता काढला होता, ना इकडचा ना तिकडचा. आता जे गोव्याबाहेरचे वाचतायत त्यांच्यासाठी सांगते, कोकणीत घरातल्या लहान मुलीला, तरण्या पोरीला "तें"च म्हणतात. तें आयलें, तें न्हिदलें. ती म्हणजे मोठी बाई. मुलग्याला तो, कायम तो. म्हणजे मावशी चार वर्षं ज्याला मधला रस्ता समजत होत्या तो लेकीच्या अंगणातच जात होता. मी हे त्यांना बोलून दाखवलं का? नाही. प्रसादला विचारलं की बहिणीला हे माहितीय का. तो म्हणाला, तिला पहिल्या महिन्यातच कळलंय, त्यामुळेच तर ती फोन उचलते.

शेवटचं सेशन सगळ्यांचं झालं, देवकी पण आली, वडील नाही आले, ते खाली गाडीत बसून राहिले. देवकी उलट म्हणाली की बायला हेच नाव ठेवा, मला काही वाटणार नाही, आमच्या वाड्यावर एकाच वेळी तीन देवकी होत्या. मृणाल बिचारी ओशाळली, तिने तर जुनं म्हणून नाक मुरडलेलं. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, नाही ठेवायचं. का? तर आमच्यात घरात त्या नावाचं माणूस जितं असताना बाळाला ते नाव ठेवत नाहीत.

खोलीत कोणीच काही बोललं नाही. मावशी पर्समध्ये रुमाल शोधत होत्या, आपण काय बोलून गेलो हे त्यांना कळलं की नाही कोण जाणे. देवकीने मात्र मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही.

तर जे लोक विचारतात हक्क कोणाचा, त्यांना मी आता आधी हे विचारते की तुमच्या घरात असं कुठलं नाव आहे का जे कोणी घेत नाही. पळून जाऊन लग्न केलेली मावशी असते, लहानपणी गेलेलं मूल असतं, बोलणं तुटलेला काका असतो. दहातल्या आठ घरांत असं काही निघत नाही, मग मी परत पाच नावांचा कागद पुढे करते. निघालं तर बाळाचं नाव थोडं थांबू द्या, फॉर्म थांबतो.

बारसं झालं, अकरा महिने आणि काही दिवसांची मुलगी, पाळण्यात मावेना, उभीच राहायला बघत होती. नाव मृणालच्या लिस्टमधलंच, सोपं. मी गेले नव्हते, मी क्लायंटच्या घरी कार्यांना जात नाही. प्रसादने व्हॉईस मेसेज पाठवला, थँक्यू वगैरे, मागे भांडी, कोणाचा तरी कुकर. त्यात कोणीतरी बाई विचारते, "आत्या खंय गो?" आणि मावशींचा आवाज येतो, "तें भितर आसा, भुरग्याक घेवन." आत आहे, बाळाला घेऊन.

मी परत लावून ऐकलं. तेंच होतं.