काळ्या मातीत घर बांधताना जिवाणूंनी पाया पक्का करता येईल का?

तुमचा प्लॉट परभणीजवळ काळ्या रानात आहे, सिमेंट कमी वापरायचंय, आणि जिवाणूंनी माती दगडासारखी होते असं वाचून तुम्ही विचारलंय. मी याच भागात पायांची डिझाइनं करतो. घराच्या पायाखाली हा प्रयोग करू नका, असंच सांगेन.

तंत्र खरं आहे, आणि मला ते मनापासून आवडतं. स्पोरोसार्सिना पाश्चुरी हा मातीत राहणारा जिवाणू युरिया फोडतो. त्यातून सुटलेलं कार्बोनेट आपण घातलेल्या कॅल्शियम क्लोराइडशी जुळतं आणि कणाकणांच्या सांध्यात चुनखडी धरते. सिमेंटसारखी १४५० अंशांची भट्टी लागत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं याच जिवाणूच्या मदतीनं चंद्रावरच्या मातीसारख्या भुकटीच्या विटाही केल्या आहेत.

पण हे साधतं वाळूत, कारण तिच्यातून पाणी आरपार जातं. आपल्या काळ्या मातीतल्या फटी बहुतेक जिवाणूपेक्षाही बारीक. वरून ओतलेलं द्रावण भेगांतून खाली निघून जातं, ढेकळाच्या पोटात काही पोचत नाही. पावसाळ्यात ते फुगायचं तेवढं फुगतंच. माती खणून, कालवून करता येईल, पण मग हिशोब बघा. एक घनमीटर माती साधारण दीड टन. तिच्यात पाच टक्के चुनखडी धरायची तर ४५ किलो युरिया, म्हणजे अख्खी गोणी, आणि सुमारे ८३ किलो कॅल्शियम क्लोराइड लागतं. मागे सुमारे ८० किलो अमोनियम क्लोराइड उरतं. चुनखडी ७५ किलो, क्षार त्याहून जास्त! तो धुऊन काढला नाही तर झिरपून विहिरीत जाणार. ज्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात तिथं हे मला पटत नाही. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीसाठीच असतो, बांधकामाला वापरणं बेकायदा आहे. आणि युरिया बनवायलाही इंधन जळतंच.

आधी फुगवट्याची चाचणी करून घ्या. चाळलेली १० ग्रॅम माती पाण्यात आणि तेवढीच रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात, रॉकेलमध्ये ती फुगत नाही. पाण्यातली दीडपटीहून वर गेली तर साधा पाया नको. मुरूम उथळ लागला तर काळी माती काढून थेट मुरमावर बसा, यात सिमेंटही वाचतं. खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले, बुडाशी फुगीर काँक्रीटचे खांब. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं ते अशाच मातीसाठी विकसित केलेत. अंगणाला, वाटेला चुना कालवलेली माती पुरते.

मुरूम किती फुटांवर लागतो ते कळवा, शेजारच्या विहिरीच्या कडेलाही तो थर दिसेल. पुढचं त्यावर ठरवू.